पुणतांब्याची शिल्पवाट: गंगथडीचे कोरीव दगड पायी फिरून कसे पाहावेत

पुणतांब्याचं नाव महाराष्ट्राने बहुतेक दोन कारणांनी ऐकलेलं असतं. एक म्हणजे चांगदेवांची समाधी आणि दुसरं म्हणजे 1 जून 2017 रोजी इथून पेटलेला शेतकऱ्यांचा संप. रेल्वेने शिर्डीला जाणाऱ्यांना आणखी एक कारण ठाऊक असतं. दौंड-मनमाड मार्गावरून साईनगर शिर्डीचा फाटा याच स्थानकातून फुटतो. या लेखात चौथ्या कारणाबद्दल सांगायचं आहे. गोदावरीच्या काठाकाठाने, घाटापासून घाटापर्यंत आणि देवळापासून देवळापर्यंत चालत, उघड्यावरचं दगडी कोरीवकाम बघायचं असेल, तर एका दिवसाच्या फेरीला हे गाव फार सोयीचं आहे.

इंग्लंडात रानातल्या पायवाटांवर शिल्पं मांडण्याचा प्रघात 1977 च्या सुमारास रुजला. ग्रिझडेलच्या जंगलात कलाकारांनी तिथल्याच लाकूड-दगडातून शिल्पं घडवली. यॉर्कशरमध्ये मोकळ्या कुरणांवर मोठं शिल्पोद्यान उभं राहिलं. लोक सकाळी बूट चढवतात, नकाशा घेतात आणि शिल्पं शोधत मैलोन्‌मैल चालतात. आपल्याकडे नकाशा नाही आणि पाटी नाही, पण शिल्पं शेकडो वर्षांपासून वाटेवरच आहेत. वेशीजवळ, पाराखाली, नदीच्या पायरीवर आणि देवळाच्या मागच्या भिंतीवर ती सापडतात. आपण मात्र चपला काढून थेट गाभाऱ्यात जातो, हात जोडतो आणि आलो तसे परततो. गाभाऱ्यात देव असतो, पण कारागिराने आपला बहुतेक हात बाहेर चालवलेला असतो. म्हणून या फेरीचा एकच नियम लक्षात ठेवा: आधी बाहेरून पूर्ण फिरायचं, मग आत जायचं.

गावाची थोडी ओळख

पुणतांबा हे गोदावरीच्या दक्षिण काठावरचं जुनं तीर्थाचं गाव. पूर्वी ते कोपरगाव तालुक्यात होतं, आता राहाता तालुक्यात आहे. पुण्यस्तंभ या नावाशी त्याचं नातं जोडतात आणि दक्षिण काशी म्हणूनही त्याचा उल्लेख होतो. इथले लोक गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी.

इंग्रजी अमदानीत, 1884 साली, छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरने या गावाला चांगली जागा दिली आहे. डझनाहून अधिक देवळं आणि नदीत उतरणारे अनेक घाट, असं वर्णन त्यात येतं. त्यातले दोन घाट जुने म्हणून वेगळे नोंदवले आहेत: एक अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला आणि दुसरा शिवराम धुमाळ यांचा. अहिल्याबाईंचा जन्म 1725 सालचा, याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. आज जिल्हा त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी काशीपासून रामेश्वरपर्यंत बांधकामं केली, हे शाळेत सगळेच वाचतात. त्यातलं एक काम आपल्याच जिल्ह्यात पायाखाली असताना ते नीट बघून घ्यायला हवं.

गावातलं सर्वांत मोठं देवस्थान चांगदेवांचं. चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीला निघाले आणि समोरून चार भावंडं भिंत चालवत आली, ही कथा प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. त्याआधी चांगदेवांनी कोरा कागद पाठवला होता आणि त्याच्या उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. पुढे धाकट्या मुक्ताबाई चांगदेवांच्या गुरू झाल्या. हा प्रसंग महाराष्ट्रातल्या देवळांच्या भिंतींवर, कमानींवर आणि मठांच्या दारांवर रंगवलेला वा घडवलेला दिसतो. फिरताना वाघ आणि भिंत कुठे दिसतात, यावर नजर ठेवा. एकाच गोष्टीची जुनी-नवी रूपं शेजारी ठेवून बघण्यात मजा आहे. वाघ कुठे देवीच्या वाहनासारखा ऐटीत उभा असतो, तर कुठे नुसत्या मांजरासारखा बसलेला.

कधी जावं, कसं पोहोचावं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. सकाळी थंडी असते, ऊन तिरपं असतं आणि नदीचं पाणी उतरल्यामुळे घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. मार्चनंतर काळा दगड तापतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर अनवाणी प्रदक्षिणा घालणं ही शिक्षाच ठरते.

पावसाळ्यात जायचं तर आधी नदीची चौकशी करा. इथे पाऊस पडतोय की नाही, याच्यावर गोदावरीचा पूर अवलंबून नसतो. नाशिककडे जोर असला आणि गंगापूर, दारणा या धरणांतून पाणी सोडलं की ते नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून खाली येतं. पुणतांब्यात लख्ख ऊन असतानाही नदी चढू शकते. वर्तमानपत्रात नांदूर मध्यमेश्वरच्या विसर्गाचे क्युसेकचे आकडे येतात. ते वाढत असतील तर घाट पुढच्या महिन्यावर टाका.

कार्तिकी पौर्णिमेला इथल्या कार्तिकस्वामीच्या दर्शनाला गर्दी होते. माणसं, दुकानं, दिवे बघायचे असतील तर तो दिवस धरा. दगड शांतपणे बघायचे असतील तर तो टाळा. सोमवार आणि एकादशीलाही देवळं गजबजलेली असतात. 2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. त्या काळात शिर्डी आणि नगर-मनमाड रस्ता या दोन्हीकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात ठेवा.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग 1878 सालचा, तर शिर्डीचा फाटा 2009 साली सुरू झाला. पुणतांबा जंक्शन असलं तरी सगळ्याच गाड्या इथे थांबत नाहीत. निघण्याआधी वेळापत्रक बघा आणि परतीच्या गाडीची वेळही लिहून ठेवा. रस्त्याने येणाऱ्यांना शिर्डी, राहाता, कोपरगाव आणि श्रीरामपूर या चारही बाजूंनी सोय आहे. मुक्कामाला शिर्डी किंवा कोपरगाव बरं. सकाळी सातला गावात पोहोचता येईल अशा बेताने निघालात, तर उन्हाच्या आत निम्मं काम होतं.

वाट कशी आखावी

सबंध फेरीला रमतगमत चार-पाच तास धरा. अंतर फार नाही, वेळ जातो तो थांबण्यात. गाडी गावाच्या कडेलाच लावा, जुन्या गल्ल्या मोटारीसाठी आखलेल्या नाहीत.

पहिला टप्पा गावातून नदीकडे. जुन्या तटाचं वा वेशीचं बांधकाम जिथे दिसेल तिथे पहिला थांबा घ्या. वेशीच्या कमानीवर, दोन्ही अंगांना आणि आतल्या देवड्यांत काय कोरलंय ते बघा. वेशीजवळ मारुती असतोच. त्याच्या ओट्याला टेकवून ठेवलेले सुटे दगडही बघा. जुन्या देवळांचे निखळलेले तुकडे, वीरगळ, सतीशिळा (या दोन्हींची ओळख पुढे येते) हे सगळं गावोगाव मारुतीच्या आणि पिंपळाच्या आश्रयाला येऊन राहतं.

दुसरा टप्पा नदीकाठचा. घाटांवरून उतरा, प्रवाहाच्या दिशेने चाला आणि प्रत्येक घाट वरून नाही तर खालून, पाण्याच्या बाजूने बघा. नदीकडे पाठ करून गावाकडे तोंड केलं की घाट, ओटे, ओवऱ्या आणि वरची शिखरं अशी सगळी रचना एका नजरेत येते. बांधणाऱ्याने ती नावेतून येणाऱ्याच्या आणि स्नान करणाऱ्याच्या डोळ्यांनी आखलेली असते.

तिसरा टप्पा देवळांचा. चांगदेवांच्या मंदिरापासून सुरुवात करून काठावरची आणि गावातली महादेव, राम, विष्णू, मारुती, भैरव यांची देवळं घ्या. सगळी एका दिवसात करायचा हट्ट नको. तीन-चार देवळं नीट बघितली तर पुढे कुठल्याही गावी गेलात तरी तीच नजर उपयोगी पडते.

चौथा टप्पा शिवाराचा. उन्हं उतरल्यावर वसंत बंधाऱ्याच्या बाजूला किंवा रेल्वेच्या गोदावरी पुलाच्या दिशेने, पण रुळांपासून लांब राहून, पायी चक्कर मारा. उसाच्या आणि पेरूच्या बागांमधल्या वाटांवर शेताच्या बांधावरचे म्हसोबा, शेंदूर फासलेले वीर आणि नागशिळा दिसतील.

कुठला दगड नेमका कुठे आहे, याची यादी इथे मुद्दामच दिलेली नाही. देवळांचा जीर्णोद्धार होतो, फरशी बसते, पार नव्याने बांधला जातो आणि सुटे दगड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात. छापलेल्या यादीपेक्षा पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारणं खात्रीचं. “राम राम बाबा, घोड्यावरच्या माणसाचा, लढाईचा कोरलेला दगड आहे का गावात कुठे?” असं चित्राचं वर्णन करून विचारा. “वीरगळ कुठे आहे” असं विचारलं तर अनेकांना कळणार नाही. लोक त्याला वीर म्हणतात, मुंजा म्हणतात, कधी नुसता देव म्हणतात.

घाटाची पायरी वाचताना

घाट हे नुसत्या पायऱ्यांचं काम नव्हे. गोदावरीसारख्या पुराच्या नदीवर भिंत सरळ उभी केली तर पाणी तिला पाडतं. म्हणून घाट टप्प्याटप्प्याने उतरता ठेवतात आणि मध्ये मध्ये प्रवाह फोडणारे बुरूज पुढे काढतात. बुरुजाचा आकार, त्याच्या कडा आणि दगडांचे सांधे बघा. चांगल्या कामात चिरे इतके घट्ट बसवलेले असतात की मधली चुन्याची दर्ज रेघेसारखी बारीक दिसते. जिथे ती रुंद आणि सिमेंटची असेल, तिथे अलीकडे डागडुजी झाली असं समजा.

घाटाच्या भिंतीतल्या लहान देवळ्यांमध्ये काय आहे, हे टॉर्च लावून बघा. कुठे गणपती, कुठे नाग, कुठे नुसता दिवा ठेवायचा कोनाडा. दगडात कोरलेल्या पादुका, शिवलिंगं, नंदी यांच्यावर पाणी ओतून लोकांनी ती गुळगुळीत केलेली असतात. आकृती पुसट असेल तर हात फिरवायच्या ऐवजी बाजूने बघा. उतरत्या उन्हात नाक-डोळे उमटतात.

पायऱ्यांवर आणि ओट्यांवर आणखी एक गोष्ट शोधा: खेळाचे पट. महाराष्ट्रातल्या लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर आणि नदीच्या घाटांवर असे पट कोरलेले सापडतात. एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दिसल्या तर ती नवकंकरी. दोन ओळींत वाटीसारखे खड्डे असतील तर सोंगट्यांऐवजी चिंचोके वा कवड्या टाकून खेळायचा खेळ. कर्णरेषांची जाळी असेल तर वाघ-बकरी. यात्रेकरूंनी, गुराख्यांनी, कामावरच्या पाथरवटांनी दुपार घालवायला ठोकलेले हे पट. त्यांना कोणी शेंदूर लावत नाही की फुलं वाहत नाही, म्हणून फरशी बसवताना सर्वांत आधी तेच नाहीसे होतात. तुम्हाला एखादा सापडला तर फोटो काढून ठेवाच.

देऊळ बाहेरून आत

देवळाचा काळ ठरवायला तज्ज्ञ लागतो, पण ढोबळ अंदाज कोणालाही बांधता येतो. दगडावर दगड चुन्याविना बसवलेला, भिंतीला ठळक कोपरे आणि खाचा, खांब नक्षीचे आणि चौकोनी-अष्टकोनी-गोल असे टप्प्याटप्प्याने बदलणारे, असं काही दिसलं तर ते यादवकाळाच्या आसपासचं काम असू शकतं. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हे तेराव्या शतकात यादवांचे मंत्री होते, त्यांच्यावरून या पद्धतीला लोक हेमाडपंती म्हणतात. उलट खाली दगडी जोतं आणि वर वीट-चुन्याचं शिखर, शिखरावर कोनाड्यांत चुन्यात घडवलेल्या छोट्या मूर्ती, सभामंडपाला महिरपी कमानी आणि सुरूच्या आकाराचे खांब असं असेल तर मराठेशाहीतलं, बहुधा अठराव्या शतकातलं बांधकाम. अनेकदा एकाच देवळात दोन्ही असतात: जोतं जुनं, वरचा भाग नंतरचा.

बघताना हा क्रम ठेवा. आधी लांबून शिखर आणि त्यातल्या मूर्ती. मग बाहेरच्या भिंतीवरून डावीकडून उजवीकडे एक प्रदक्षिणा. उत्तरेच्या बाजूला गाभाऱ्याचं पाणी बाहेर पडतं, तिथे गोमुख किंवा मकराचं तोंड बसवलेलं असतं. ते बघायला विसरू नका. मग दाराशी या. चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मध्यावर गणपती असतो, कधी हत्तींनी अभिषेक केलेली लक्ष्मी असते. त्याला ललाटबिंब म्हणतात. उंबरठ्यावर वटारलेल्या डोळ्यांचं कीर्तिमुख असेल. शंकराच्या आज्ञेने स्वतःचंच शरीर खाऊन नुसतं मुख उरलेला हा गण, म्हणून तो नेहमी धडाविना. त्याच्यावर पाय न देता ओलांडून जायची रीत आहे. खांबांच्या माथ्यावर छत उचलून धरणारे बुटके यक्ष असतात. त्यांचे फुगलेले गाल आणि पोटं बघितली की कारागिराला इथे विनोद करायची मोकळीक होती, हे कळतं.

नव्या ऑइलपेंटमुळे बिचकू नका. गडद निळ्या, गुलाबी, पिवळ्या रंगांच्या थराखाली जुनं काम असू शकतं. रंगाकडे नाही, कडांकडे बघा. कोरीव कामाची कडा तीक्ष्ण असते, साच्यातल्या सिमेंटच्या मूर्तीची गोलसर.

वीरगळ कसा वाचावा

उघड्यावरच्या सगळ्या शिल्पांत वाचायला सर्वांत सोपा आणि सर्वांत बोलका दगड म्हणजे वीरगळ. लढाईत किंवा गुरं सोडवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीला गावाने उभारलेली ही शिळा. राजांचे शिलालेख असतात, तसा गावच्या माणसासाठी हा दगड. ही शिळा साधारण कमरेएवढी, वर निमुळती किंवा कळस कोरलेली असते आणि तिच्यावर तीन-चार चौकटी एकावर एक असतात.

तळापासून सुरुवात करा. सर्वांत खालच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला असतो किंवा लढत असतो. त्याच्या हातात ढाल-तलवार आहे, भाला आहे की धनुष्य, हे बघा. घोडा असेल तर तो स्वार. गाई कोरल्या असतील तर लढाई गुरांसाठी झाली: लुटारू गावची गुरं हाकून नेत होते आणि याने त्यांना अडवलं. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्यावरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी. सर्वांत वर कळस, आणि दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य: जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

त्याच्या शेजारी सतीशिळा असेल तर तिची खूण वेगळी. खांद्यापासून वर गेलेला, कोपरात काटकोनात वाकलेला उजवा हात आणि मनगटावर भरलेल्या बांगड्या. हा दगड बघताना नुसतं नक्षीचं कौतुक करून पुढे जाऊ नका. चौकटीमागे एका बाईचा जीव गेलेला आहे.

क्वचित तिसरी शिळा भेटते: वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं शिवीवजा चित्र. हा गधेगळ. दानात दिलेली जमीन कोणी बळकावली तर त्याला दिलेली ती शापवाणी आहे. असा दगड मिळाला तर त्यावरच्या अक्षरांचे फोटो नीट काढा, कारण लेखाचा शोध त्यातून लागू शकतो.

उजेड, फोटो, नोंद

काळ्या पाषाणाला डोक्यावरचं ऊन चालत नाही. सकाळी आठच्या आसपास आणि दुपारी चारनंतर, ऊन आडवं येतं तेव्हा खोदकामाला सावली मिळते आणि आकृती उठून दिसते. सावलीतल्या वा अंधारातल्या दगडाला मोबाइलचा फ्लॅश समोरून मारू नका. सोबतच्या माणसाला टॉर्च हातात देऊन दगडाच्या बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर धरायला सांगा. पुसट अक्षरंसुद्धा अशा उजेडात वाचता येतात.

दगडावर खडू, रांगोळी, पावडर, तेल काहीही लावू नका. शेंदराचा थर खरवडू नका. तो कोणाचा तरी देव आहे, आणि खरवडताना खालचं कोरीवकामही जातं. फोटोत माप कळावं म्हणून शेजारी पेन किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवा. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. एक फोटो लांबून परिसरासह, एक पूर्ण शिळेचा समोरून, मग प्रत्येक चौकटीचा जवळून असा क्रम ठेवला तर घरी गेल्यावर घोळ होत नाही. वहीत चार गोष्टी लिहा: दगड कुठे उभा आहे, त्याचं तोंड कुठे आहे, गावात त्याला काय म्हणतात आणि त्याला कधी, काय वाहतात. शेवटच्या दोन गोष्टी कुठल्याही फोटोत येत नाहीत.

देवळातली आणि शेतातली रीतभात

पुजाऱ्याला किंवा गुरवाला आधी नमस्कार करून कशासाठी आलात ते सांगा. गाभाऱ्याचा फोटो परवानगीशिवाय नको. सभामंडपात कोणी पोथी वाचत असेल, आरती चालू असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवून बसा. देवदर्शनाला आलेल्यांच्या वाटेत उभं राहून खांबांचे फोटो काढत बसू नका. कार्तिकस्वामीच्या देवळात स्त्रियांच्या दर्शनाबद्दल रूढी आहेत, तिथे आधी विचारून घेतलेलं बरं. घाटावर कपडे धुणाऱ्या, आंघोळ करणाऱ्या माणसांकडे कॅमेरा वळवू नका. तिथे दशक्रिया वा अस्थिविसर्जन चालू असेल तर तो घाट सोडून पुढे जा, परत येताना बघा.

शेतातल्या दगडाकडे जायचं तर बांधावरूनच चाला आणि शेतकऱ्याला हाक मारून विचारा. “दादा, तो वीर बघू का?” एवढं पुरतं. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका.

दगड हलवू नका, उचलू नका, घरी आणू नका. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा शिल्प ही पुरातन वस्तू ठरते आणि तिची विक्री व निर्यात यांवर निर्बंध आहेत. कोणी विकायला काढलेला दिसला तर पोलिसांना आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.

सोबत काय, सावध कशाला

जाड तळाचे, पण काढायला-घालायला सोपे बूट. दिवसात दहादा तरी ते उतरवावे लागतात. पाण्याची बाटली, टोपी, टॉर्च, वही, पंचा आणि सुटे पैसे. पाऊस नुकताच झाला असेल तर काळ्या रानात पाऊल टाकू नका. चिखल तळव्याला थापला जातो आणि पाय उचलत नाही. नदीकाठी बाभळीचे काटे असतात, पातळ चप्पल तिथे उपयोगाची नाही. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाणी संथ दिसलं तरी त्यात उतरू नका, बंधाऱ्याजवळ तर नाहीच.

नगर जिल्ह्याच्या या ऊसपट्ट्यात बिबट्या आहे. पहाटेच्या अंधारात आणि सूर्य मावळल्यावर उसाच्या मधल्या वाटांनी एकट्याने, विशेषतः लहान मुलांना घेऊन, फिरू नका. शिवाराचा चौथा टप्पा दिवस असेतोवर उरका. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, अरुंद रस्त्यांवर ऊस लादलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. त्यांच्या कडेने चालताना पुरेसं अंतर ठेवा.

जेवणाला गावातली खानावळ किंवा घरची भाकरी-पिठलं. राहात्याचे पेरू प्रसिद्ध आहेत. हंगाम असेल तर बागेजवळ रस्त्याकडेला मिळतात. दुपारी पिशवीत दोन-चार असू द्या.

दुसरा दिवस हाती असेल तर

कोपरगावजवळ कोकमठाण इथे गोदावरीकाठी महादेवाचं जुनं, यादवकालीन मानलं जाणारं देऊळ आहे. पुणतांब्याची अठराव्या शतकातली कामं बघून तिथे गेलात तर दोन काळांतला फरक डोळ्यांसमोर उभा राहतो. मंडपाच्या छताचं कोरीवकाम बघायला तिथे मान वर करून बराच वेळ उभं राहावं लागतं. दुसरा पर्याय नेवासे तालुक्यातला: प्रवरा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ टोके इथे पेशवेकालीन सिद्धेश्वर मंदिर. तिथे भिंतींवर आणि मंडपात इतक्या आकृती आहेत की एकेक भिंत घेऊन बसावं. सिन्नरकडे जाणार असाल तर गोंदेश्वर आहेच: पाच देवळांचा समूह, आवारात मोकळं फिरता येतं, हेमाडपंती बांधणी शिकायला महाराष्ट्रात याच्यासारखी शाळा क्वचित. तिन्ही एकाच दिवशी करू नका.

गावकऱ्यांना दोन शब्द

कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यावरची कातळशिल्पं गावातल्या माणसांनीच आधी सांभाळली, भोवती दगडांच्या कडा रचल्या, पाहुण्यांना वाट दाखवली. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पुणतांब्यासारख्या गावाने एवढी मोठी झेप मनात धरायची गरज नाही. सुट्या दगडांना सिमेंटमध्ये चिणू नये, जमिनीपासून थोडं उंच, छायेत, चौकटी दिसतील असे उभे करावेत. ऑइलपेंट देण्याऐवजी नुसतं पाण्याने धुवावं. जीर्णोद्धाराच्या वेळी जुने खांब, चौकटी आणि पायऱ्या फेकून न देता आवारातच ठेवाव्यात. शाळेतल्या मुलांकडून एकदा गावातल्या प्रत्येक कोरीव दगडाची यादी करून घ्यावी आणि ती ग्रामपंचायतीत लावावी. या सगळ्याला फारसा खर्च येत नाही.

पाहुण्याचंही एक काम राहतं. परत गेल्यावर तुमच्या नोंदींची आणि फोटोंची एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा शाळेला पाठवा, खाली तारीख घाला. उद्या एखादा दगड जागेवरून हलला, रंगवला गेला वा चोरीला गेला, तर तो आधी कुठे आणि कसा होता, हे सांगायला गावाकडे तेवढा तरी कागद असेल.